उजव्या हाताला फाल्केनएक

कोलोन, ता. ९ एप्रिल १९६१

चि. सौ. वाल्बुर्गा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे ईस्टरचे पत्र पोचले. त्यावर तारीख नाही. बिनतारखेचे पत्र म्हणजे बिनबुडाचे पिंप. आत कितीही चांगले ओतले तरी हाती काही राहत नाही. हे मी तुला तू शाळेत जायला लागल्यापासून सांगत आले आहे आणि यापुढेही सांगत राहीन.

एक बातमी आहे. नदीवरच्या सहलींच्या बोट कंपनीने या हंगामापासून प्रवाशांना ऐकवायचा माझा माहितीचा मजकूर टेपवर घेतला आहे. आजवर तो बोटीवरचे वाढपी वाचून दाखवत. त्यांतल्या एकाने मागच्या उन्हाळ्यात तेराव्या शतकाचे अठरावे केले आणि प्रवाशांनी माना डोलावल्या. मी व्यवस्थापकांना कळवले की माझ्या मजकुराची अशी विटंबना होणार असेल तर तो परत करा. त्यावर ते म्हणाले की बाईसाहेब, मग तुम्हीच वाचा. मी वाचला. माइन्झपासून कोब्लेन्झपर्यंत प्रत्येक किल्ला आणि प्रत्येक द्राक्षमळा आता माझ्या आवाजात आहे, आणि माझ्या लेखी सहीशिवाय त्यातला एक शब्दही कोणी हलवणार नाही, असे मी करारात घालून घेतले आहे.

फाल्केनएकचा परिच्छेद सात वर्षांपूर्वी होता तसाच ठेवला आहे. गावात तो मोडून-तोडून सांगतात असे कळते, म्हणून मूळ देते: “उजव्या हाताला फाल्केनएक. किल्ल्याचा बुरूज मध्ययुगीन नाही. तो गेल्या शतकात हौसेने बांधला आहे. खालच्या मळ्यात सम्राटाने चांदीच्या पेल्यातून वाइन प्यायल्याची कथा सांगतात. तिला कोणताही पुरावा नाही. ती एका वाइनविक्रेत्याने रचलेली आहे.” हा वाइनविक्रेता म्हणजे आपले पणजोबा, हे मी कोठेही म्हटलेले नाही. तेवढा संकोच मी पाळला आहे.

बोट हे बोलायची थांबत नाही तोवर या उंबऱ्यात पाऊल ठेवायचे नाही, असे बाबांनी तेव्हा मला बजावले होते. मी ठेवलेले नाही. ते आपल्या शब्दाला पक्के आहेत, मीही आहे.

त्यांच्या खोकल्याचे तू ओझरते लिहिलेस. ओझरते लिहू नये. सोबत छातीसाठी गोळ्या पाठवत आहे. मी पाठवल्या असे सांगू नकोस. तुझ्या यजमानांनी, गेरेओननी, बाखाराखच्या औषधवाल्याकडून आणल्या म्हण. गेरेओनना नमस्कार.

कळावे. आहे तो लोभ वाढता ठेव.
तुझी ताई,
मेख्टिल्ड

---

लोर्शेनबाख, ता. ३० एप्रिल १९६१ (बघ, घातली तारीख!)

ती. मेख्टिल्डताईस,
सा. न. वि. वि.

गोळ्या मिळाल्या. गेरेओननी आणल्या असं सांगितलं. बाबांनी एक तोंडात टाकली आणि म्हणाले, गेरेओन कधीपासून एवढा शहाणा झाला? मी विचारते, जी बाई एका पेल्यासाठी सात वर्षं माहेर टाकते, ती मला मात्र खुशाल खोटं बोलायला लावते. ताई, तुझ्या करारात हे कुठल्या कलमाखाली येतं?

आता ऐक. तुझा आवाज आला. मळ्यात वेल बांधायचं काम चाललं होतं. बाबा वरच्या पायरीवर होते. खोकला असला तरी बांधायचं काम ते दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. बोट नेहमीसारखी बाखाराखच्या वळणावरून आली, कर्णा खरखरला, आणि एकदम तू. इतकी स्पष्ट, जणू खाली विहिरीवर उभी राहून बोलते आहेस. मी तर हाक मारणार होते. बाबांच्या हातातली वेल बांधायची विलोची लवचीक काडी गळून पडली. शेजारच्या मळ्यातली माणसं कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिली. तू पुरावा नाही म्हणालीस, वाइनविक्रेत्याने रचली म्हणालीस, आणि बोट काउबच्या दिशेने निघून गेली.

बाबा घरी आले. बटाट्याचं सार तसंच ठेवलं. संध्याकाळी एवढंच म्हणाले की आजवर भाड्याची तोंडं बोलत होती, आता पोर स्वतःच्या तोंडाने म्हणते.

आणि हे रोज आहे, ताई. बोटीतून उतरून लोक आमच्या वाइनघरात येतात, भिंतीवरचा तो चांदीचा पेला बघतात आणि एकमेकांना कोपरानं ढोसतात. परवा डसेलडॉर्फच्या एका बाईनं बाबांना विचारलं की आजोबा, ती खोटी गोष्ट तुम्ही फार छान सांगता म्हणे, जरा सांगा ना. बाबांनी तिच्यासमोरचा ग्लास उचलला आणि वाइन अंगणात ओतून दिली.

डॉक्टर म्हणतात, खोकला छातीचा नाही, हृदयाचा आहे. पायांवर सूज आहे.

दोनच वाक्यं आहेत गं. बुरूज खोटा म्हण, हवं तर अख्खा किल्ला खोटा म्हण. पेला तेवढा सोड.

गेरेओन तुला नमस्कार सांगतात. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
बुर्गा

---

कोलोन, ता. १२ मे १९६१

चि. सौ. वाल्बुर्गा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्रावर तारीख पाहून समाधान वाटले. आतील मजकूर वाचून ते टिकले नाही.

तू म्हणतेस, दोनच वाक्ये. वाक्ये मोजून सत्य ठरत नाही. पेल्याच्या बुडाशी सोनाराचा ठसा आहे. तो सम्राटानंतर सहाशे वर्षांनी जन्मलेल्या माणसाचा आहे. हे मी बाबांना पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्यांनी भिंग मागवले, ठसा पाहिला, पेला पुसून पुन्हा भिंतीवर टांगला आणि मला म्हणाले की शहाणे, सम्राट एकाच पेल्यातून प्यायला असेल कशावरून? मला तेव्हा हसू आले होते. आता येत नाही.

आणि मला हे शिकवले कोणी? तोडणीच्या वेळी माझ्या टोपलीतला घड उचलून, त्यातला एकच कुजका मणी दाखवून, आख्खी टोपली पुन्हा निवडायला कोणी लावली? रात्रीच्या जेवणाआधी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेताना, शब्दाचा शेवट गिळला की टेबलावर बोट कोणी आपटायचे? शेवट गिळणारा माणूस अर्धी वाइन पिऊन ग्लास खाली ठेवणारा, असे ते म्हणत. त्यांनी ज्या चाळणीतून मला काढले, तिच्यातून मी त्यांची गोष्ट काढली. ती गळून पडली, याचा राग त्यांनी चाळणीवर काढावा, हे मला अन्यायाचे वाटते.

हृदयाचे निदान कोणत्या डॉक्टरांचे? काउबच्या त्या गृहस्थांना मी मांजराची नाडीही पाहू देणार नाही. माइन्झला नेऊन दाखवा.

त्यांनी एका शब्दाने बोलावले तर मी पहिल्या गाडीने येईन. तो शब्द ये एवढाच असला तरी चालेल. परंतु दार उघडण्याची किंमत म्हणून मी वाक्य देणार नाही.

उत्तर सविस्तर लिही. रागावलीस तरी आपुलकी सोडू नकोस.
तुझी ताई,
मेख्टिल्ड

---

लोर्शेनबाख, ता. १६ जुलै १९६१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माइन्झच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त मोठ्या शब्दांत. हृदय थकलं आहे. द्राक्षतोडणी बघतील का, म्हणून गेरेओननी विचारलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

बाबा आता मळ्यात जात नाहीत. जिना चढवत नाही, म्हणून त्यांची खाट नदीकडच्या खोलीत आणली आहे, आईची शिवणाची खोली. उशाला खिडकी आहे. वाइन खुली असल्याची खूण म्हणून वाइनघराच्या दारावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगली आहे, गिऱ्हाईक येतं, पण पेला आता भिंतीवर नाही. तो बाबांनी खाटेशेजारी मागून घेतला आहे.

आणि रोज सकाळी, ताई, रोज, बोटीची वेळ झाली की मला हाक येते, बुर्गा, खिडकी. मी म्हणते, बाबा, वारा आहे. ते म्हणतात, वारा मला शिकवू नकोस, उघड. मग तू येतेस. तू पुरावा नाही म्हणालीस की बाबा कोपरावर उठून बसतात आणि जिवाच्या आकांताने ओरडतात की खोटं! आला होता! आपल्याच मळ्यात प्यायला होता! आणि मग जी उबळ येते ती बोट दिसेनाशी झाली तरी थांबत नाही. ओठ निळे पडतात. मी पाठ चोळत बसते आणि बाहेर तुझ्या बोटीवरची मंडळी इकडे बघून रुमाल हलवतात.

मी खिडकी उघडणार नाही म्हटलं तर म्हणतात, मी रांगत जाऊन उघडीन.

मी तुझ्याएवढी शिकले नाही. वाद घालायला बसले तर तू मला पहिल्याच वाक्यात चीत करशील. म्हणून वाद घालत नाही. माणूस मरतो आहे, ताई. रोज सकाळी तू त्याच्या खिडकीशी येऊन त्याला खोटं पाडून जातेस. तुझं सत्य काही पळून जात नाही. बाबा चालले आहेत.

याहून जास्त लिहवत नाही. लोभाचं तूच बघ.
बुर्गा

---

कोलोन, ता. २४ ऑगस्ट १९६१

चि. सौ. वाल्बुर्गा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. मी पाच उत्तरे लिहिली आणि पाचही फाडली. ती सर्व बिनतोड होती.

काल मी कंपनीच्या कचेरीत गेले. तेथील तरुणाने फीत यंत्रावर चढवली आणि विचारले की नेमके काय काढायचे. मी म्हटले, कात्री इकडे द्या. उजव्या हाताला, येथपासून कापले. वाइनचे ठेवून बुरुजाचे काढणे किंवा बुरुजाचे ठेवून वाइनचे काढणे मला जमले नाही; मोडका परिच्छेद मी कोठेही ठेवत नाही. संपूर्ण फाल्केनएक काढले. व्यवस्थापकांनी रिकाम्या जागी एखादी वॉल्ट्झची धून घालू का म्हणून विचारले. मी नकार दिला. सोमवारपासून बाखाराखचे वळण ओलांडल्यापासून काउबपर्यंत बोट काहीही बोलणार नाही.

हे मी केले असे बाबांना सांगू नकोस. टेप बिघडली म्हण, कर्णा बिघडला म्हण. मी त्यांच्यापुढे नमले असे त्यांना वाटू नये, आणि मी त्यांना उपकार म्हणून शांतता दिली असेही वाटू नये. त्यांनी फक्त झोपावे.

उद्या मी ट्रियरला जात आहे. हस्तलिखितांचे काम आहे. राहण्याचे ठिकाण ठरलेले नाही, तेव्हा तेथे पत्र घालू नकोस. शाळा उघडण्यापूर्वी, वर्ग घ्यायला, परत येईन. आल्यावर, त्यांची प्रकृती बरी असेल आणि त्यांची हरकत नसेल तर, मी उंबऱ्याबाहेर अंगणातल्या बाकावर बसेन. अंगण उंबऱ्यात मोडत नाही.

ममता असू दे.
तुझी ताई,
मेख्टिल्ड

---

लोर्शेनबाख, ता. २४ ऑगस्ट १९६१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं जुलैचं पत्र जाळून टाक. मी मूर्ख आहे. तू नेहमी म्हणायचीस, पण आज मी स्वतः म्हणते, म्हणजे आता त्याला पुरावा झाला.

मंगळवारी नदीवर दाट धुकं होतं. बोट आलीच नाही. मला वाटलं, चला, आज तरी उबळ नाही. पण बाबा चैन पडू देईनात. पाणी दे, उशी सरळ कर, गेरेओनला धक्क्यावर पाठव, बघ कुठे अडकली. कोण अडकली बाबा? म्हटलं. तर माझ्यावरच खेकसले की कोण म्हणजे? मेख्टिल्ड!

सात वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

मग काल मी खोलीतून गेलेच नाही, दाराआड उभी राहिले. ताई, ते बोटीच्या आधी भांग पाडतात. पाण्याचा हात लावून, दोन्ही बाजूंनी. पेला पुसून छातीवर घेतात. आमच्याकडे उतरलेला एक म्हातारा डच पाहुणा त्यांना भेटायला आत आला होता, त्याला म्हणाले, आता गप्प बस, माझी थोरली येते आहे. आणि तू बोलायला लागलीस, तर बोट वर करून त्याला दाखवत होते की ऐक, ऐक, एक अक्षर गिळत नाही! अख्ख्या नदीवर असं कोणी बोलत नाही. मी शिकवलं आहे. मग तू पुरावा नाही म्हणालीस आणि ते उठून बसले, ओरडले खोटं! आला होता, कार्टे! आणि हसले. उबळ आली, ओठ निळे झाले, आणि त्यातच हसत होते. मी सात आठवडे पाठ चोळत होते, ताई, तोंड बघितलंच नाही.

डॉक्टर म्हणतात, इतके दिवस काढतील असं वाटलं नव्हतं, कशावर जगतायत कोण जाणे. मला आता ठाऊक आहे कशावर.

तेव्हा एक शब्द काढू नकोस. एक काना हलवू नकोस. आणि आज मी त्यांना सरळ विचारलं की बोलावू का तिला? त्यांनी पेला बाजूला ठेवला. मग म्हणाले, बोटीवरून काय कोणीही बोलेल. हिंमत असेल तर म्हणावं, समोर येऊन सांग.

हा शब्द पुरेसा आहे ना गं? तू मागितला होतास त्याहून चांगले सहा शब्द जास्त आहेत. प्लमचा केक करते आहे. लगेच नीघ.

खूप खूप प्रेम,
तुझी बुर्गा

---

लोर्शेनबाख, ता. १७ सप्टेंबर १९६१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अंत्यविधीच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं आणि तू इतकी ताठ बसली होतीस की तुझ्याशी बोलायचं धाडस झालं नाही. स्मशानातून तू सरळ स्टेशनवर गेलीस. म्हणून आता लिहिते. तू म्हणशील, ओझरतं लिहू नये. म्हणून सगळं लिहिते.

तुझं पत्र शनिवारी आलं, तेव्हा माझं तुझ्याकडे निघून गेलेलं होतं. मी टपाल कचेरीत धावत जाऊन कंपनीला फोन लावला. व्यवस्थापक म्हणाले, बाईंच्या सहीशिवाय आम्ही फितीला बोट लावत नाही, करारच तसा आहे. तुझ्या शाळेत फोन लावला. शिपाई म्हणाला की बाई ट्रियरला आहेत, पण कुठे ते त्या कोणाला सांगत नाहीत.

सोमवारी बाबांनी भांग पाडला. खिडकी उघडली. बोट आली, बाखाराखच्या वळणाआधीचा तुझा शेवटचा शब्द पुसट ऐकू आला, आणि मग नुसता बोटीच्या पाणी कापणाऱ्या चाकांचा आवाज. बाबांनी हात कानामागे धरला. बोट गेली. म्हणाले, कर्णा बिघडला असेल. मी म्हटलं, हो, बिघडला असेल. मंगळवारी तेच. पण मंगळवारी त्यांना काउबकडून तुझा आवाज परत सुरू झालेला ऐकू आला. कान अजून तीक्ष्ण होते. म्हणाले, कर्णा चांगला आहे की. मग फक्त आपल्याच दाराशी का गप्प?

ताई, मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं की मी तिला विनवलं, तिने तुमच्यासाठी कापलं, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. मला वाटलं, खूश होतील, पोरीने माघार घेतली म्हणून. ते म्हणाले, तुला कोणी सांगितलं होतं मला त्रास होतो म्हणून? थोड्या वेळाने म्हणाले, म्हातारा भांडायच्याही लायकीचा उरला नाही, असं वाटलं तिला.

मी म्हटलं, ती येणार आहे, मी बोलावलं आहे. ते म्हणाले, बघू.

बुधवारी बोटीच्या वेळेला मी खिडकीशी गेले तर म्हणाले, राहू दे, वारा आहे.

नंतर खिडकी उघडलीच नाही. शनिवारी सकाळी बाबा गेले. रीतीप्रमाणे गेरेओननी ती उघडली, जीव बाहेर जायला. मग ते तळघरात गेले आणि एकेका पिंपावर मुठीने ठोकून सांगून आले की धनी गेले, आता तुम्ही माझं ऐका. न सांगता राहिलं तर वाइन आंबट होते म्हणतात. तुला असल्या गोष्टी पटत नाहीत, पण मी वर जिन्याशी बसून ते ठोकणं ऐकत होते, आणि त्या दिवसात तेवढीच एक गोष्ट मला नीटशी वाटली.

तुला दोष देत नाही. मागितलं मीच होतं.

आपली माया या एका खिडकीत अडकू नये, एवढंच देवाकडे मागणं.
तुझी,
बुर्गा

---

कोलोन, ता. २४ सप्टेंबर १९६१

चि. सौ. वाल्बुर्गा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तू सगळे लिहिलेस, म्हणून मीही लिहिते.

ट्रियरहून आले तेव्हा टपालपेटीत दोन गोष्टी होत्या, तुझे पत्र आणि तार. तार आधी उघडायची असते, हे कोणालाही ठाऊक आहे. परंतु मी टपाल नेहमी तारखेप्रमाणे उघडते. पत्र आधीचे होते. ते मी जिन्यातच वाचले. समोर येऊन सांग, हे वाक्य मी पुन्हा वाचले, मग मोठ्याने वाचले. खालच्या मजल्यावरच्या बाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारले की काही आनंदाची बातमी का? मी हो म्हटले. वर जाऊन पेटी भरली. निळा पोशाख ठेवला, कारण काळ्यात मी पंतोजीण दिसते असे बाबा म्हणत. सम्राट एकाच पेल्यातून प्यायला असेल कशावरून, या त्यांच्या प्रश्नाला द्यायचे उत्तर मी मनात जुळवले. मला वाटते, ते चांगले उत्तर होते. त्यानंतर मी तार उघडली.

म्हणून मी ताठ बसले होते. वाकले असते तर उठता आले नसते.

मी कापलेला तुकडा फेकून दिला नव्हता. मी काही फेकून देत नाही. तो पाकिटात होता, पाकिटावर तारीख होती. काल तो कंपनीत नेऊन पुन्हा जोडून घेतला. व्यवस्थापक म्हणाले, बाईसाहेब, इतिहास तुमच्याकडे महिन्याला बदलतो का? मी त्यांना उत्तर दिले नाही, यावरून माझी अवस्था तुझ्या लक्षात यावी. अक्षरही बदललेले नाही. गोष्ट खरी होती असे मी अजूनही म्हणणार नाही. तसे म्हटले असते तर त्यांनीच टेबलावर बोट आपटले असते.

एक मागणे आहे. पंधरा ऑक्टोबरला हंगामाची शेवटची फेरी आहे. मी त्या बोटीवर वरच्या डेकवर, तुमच्या बाजूला बसेन. बोट वळणावर आली की तू ती खिडकी उघड आणि ते जे म्हणत असत ते म्हण. त्यांच्यासारखेच, तेवढ्याच जोराने. सात वर्षे मी एकाच बाजूचे बोलणे जगाला ऐकवले. दुसरी बाजू मी एकदाही ऐकलेली नाही.

जमेल का, ते लिही. तुझ्या प्रेमावर माझा आता भरवसा आहे. त्याहून अधिक हक्क सांगत नाही.
तुझी ताई,
मेख्टिल्ड

---

लोर्शेनबाख, ता. ८ ऑक्टोबर १९६१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जमवीन. गेरेओन म्हणतात, तुझ्या आवाजाने कोंबडीसुद्धा हलत नाही, तू काय सम्राट आणणार? मी रोज तळघरात जाऊन पिंपांपुढे तालीम करते. पिंपं हसत नाहीत.

तोडणी सुरू आहे. घड सुरेख आलेत. मी टोपल्या तपासते, कुजका मणी दिसला की परत पाठवते, तर मजूर बायका म्हणतात, म्हातारा गेला कुठे, हा काय इथेच आहे.

निळा पोशाख घाल. म्हणजे मला लांबून ओळखू येशील.
तुझ्या मायेची वाट बघणारी,
बुर्गा

---

कोब्लेन्झ, ता. १५ ऑक्टोबर १९६१, संध्याकाळ

चि. बुर्गा,
अ. उ. आ. वि. वि.

धक्क्यासमोरच्या खानावळीत बसून लिहीत आहे. शाई वाईट आहे, क्षमा कर.

बोट निम्मी रिकामी होती. बरोबर आखनच्या एका गायनमंडळातली माणसे होती. माइन्झपासून पीत होती आणि प्रत्येक किल्ल्याला टाळ्या देत होती. मळे पिवळे पडले आहेत. मी कठड्याशी बसले, निळा पोशाख, वर कोट घातला नाही. माझ्या डोक्यावरच कर्णा होता.

बाखाराखचे वळण गेले. आपली स्लेटची छपरे दिसली, मग घर, मग खिडकी. ती उघडी होती. तू आईच्या शिवणाच्या खोलीत उभी होतीस आणि तुझ्या हातात काहीतरी चकाकत होते. पेला आणलास, ते चांगले केलेस.

मग मी बोलू लागले. उजव्या हाताला फाल्केनएक. आवाज इतका मोठा असतो, हे मला ठाऊक नव्हते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तो नीटनेटका वाटतो. नदीवर तो पाण्यासारखा सगळीकडे भरतो. पुरावा नाही, असे मी म्हटले, आणि मी तुझे तोंड उघडलेले पाहिले. तू हात वर केलास. तू पुन्हा ओरडलीस. तुझ्या गळ्याच्या शिरा मला दिसल्या असाव्यात, किंवा मी तसे समजले असेन. गायनमंडळाने तुझ्याकडे पाहून रुमाल हलवले.

बुर्गा, मला काहीही ऐकू आले नाही. एक अक्षरही नाही. मी कान लावला, उठून कठड्यावर वाकले. एका गृहस्थाने घाबरून माझा दंड धरला. मध्ये नदी होती, चाके होती. परंतु नदीचे आणि चाकांचे मी निमित्त करणार नाही. मध्ये माझा आवाज होता. प्रत्येक शब्दाचा शेवट स्वच्छ, काहीही न गिळलेला. तो संपला तेव्हा तुझी खिडकी मागे गेलेली होती.

बोटी आता वसंतापर्यंत बंद आहेत. नदी मोकळी आहे. शुक्रवारच्या गाडीने मी येत आहे. स्टेशनवर कोणी यायला नको, वाट मला येते. उंबऱ्यात पाऊल ठेवायला परवानगी कोणाकडे मागायची, ते मला ठाऊक नाही, तेव्हा तू दारात उभी राहा. मग आपण त्या खोलीत बसू, आणि तू ते पुन्हा म्हण, जसे ते म्हणत तसेच.

मी मध्ये बोलणार नाही.

तुझी ताई,
मेख्टिल्ड